एसीचा रिमोट: कुठलं बटण कशाला, आणि बीप आली नाही तर काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
मार्च कलला की सांगलीत एसीवाल्यांचे फोन खणखणायला लागतात. त्यातले बरेचसे फोन खरं तर एसीचे नसतात, रिमोटचे असतात. 'थंडच होत नाही' म्हणजे मोड फॅनवर गेलेला. 'पहाटे आपोआप बंद पडतो' म्हणजे कधीतरी लावलेला टायमर तसाच राहिलेला. 'कॉम्प्रेसरच लागत नाही' म्हणजे पडद्यावर सूर्य उगवलेला. मेकॅनिक येतो, दोन बटणं दाबतो, व्हिजिटचे पैसे घेतो आणि जातो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, माहितीपुस्तक खोक्यासकट माळ्यावर आपणच टाकतो.

हा धागा फक्त रिमोटसाठी. गॅस किती भरायचा, कुठल्या कंपनीचा घ्यावा, ते इथे नको. तीन गोष्टींवर जाणकारांनी जरा इस्कटून लिहावं. रिमोटवर एक आणि एसीवर दुसरंच, असं का होतं? ऑटो आणि कूलमध्ये नेमका फरक काय? आणि ड्राय मोडवर बिल कमी येतं हे खरं, की व्हॉट्सअ‍ॅपवरचं खरं? माझं मत आधीच सांगून ठेवतो: घरच्या वापराला कूल सोडून बाकी मोड शोभेचे आहेत. खोडून काढा.

वायरमन_कुपवाड
पहिल्या प्रश्नाचं उत्तर कळलं की अर्धा धागा संपला.

टीव्हीचा रिमोट एका वेळी एकच निरोप देतो, 'आवाज एक घर वाढव' एवढाच. एसीचा रिमोट तसा नाही. स्प्लिट एसीच्या बहुतेक रिमोटांवर कुठलंही बटण दाबा, पडद्यावर दिसतंय ते सगळंच्या सगळं एकदम जातं: चालू की बंद, मोड, तापमान, पंख्याचा वेग, स्विंग, टायमर. आणि हे सगळं एकतर्फी. एसी उलट काहीच कळवत नाही. म्हणजे रिमोटच्या पडद्यावर जे दिसतं ते एसीत काय चाललंय ते नव्हे, रिमोटला काय वाटतंय ते.

आता होतं काय, रिमोट गादीकडे तोंड करून दाबला. पडद्यावर २६ चे २४ झाले, एसीला पत्ताच नाही. म्हणून पडद्यापेक्षा कान महत्त्वाचा. बीप एसीतून येते, रिमोटमधून नाही. बीप आली म्हणजे निरोप पोचला. नाही आली तर पडदा काहीही सांगो, एसी आहे तिथेच आहे. उपाय सोपा आहे. युनिटसमोर उभं राहून तापमान एक घर वर, एक घर खाली करा. सगळी स्थिती नव्याने जाते आणि दोघांचं जुळतं.

चालू-बंदचा घोळही ह्यातलाच. एसी बंद आहे, पण रिमोटला वाटतंय चालू आहे. अशा वेळी बटण दाबलं की रिमोट 'बंद' पाठवतो, बंद असलेला एसी बीप देऊन बंदच राहतो आणि घरात 'बिघडला' म्हणून ओरड होते. दुसऱ्यांदा दाबा.

अपवाद आहेत. युनिटवरचा आकडा विझवायचं लाइट बटण आणि काही मॉडेलात टर्बो किंवा स्विंग हे 'आहे त्याच्या उलट कर' असा निरोप देतात. तिथे जुळवाजुळव बघूनच करावी लागते.

भडंग_मसाला
म्हणजे लग्नपत्रिका. आपण पाठवली म्हणायचं, पोचली का ते मांडवात कळणार.

अजिंक्यतारा_७
आम्हा सातारकरांना हा धागा परदेशातला वाटतोय. खिडकी उघडा, झोपा.

फलटणचा_उन्हाळा
@अजिंक्यतारा_७ जिल्हा एकच असला तरी मे महिन्यात फलटणला ये, मग खिडकीचं बोलू. माणदेशातून गरम वारा आत आला की खिडकी उघडणारा पहिला तूच परत बंद करशील.

थर्मिस्टर
मोडचं सांगतो. बटण एकच असतं, दर दाबण्याला चिन्ह पुढे सरकतं. बर्फाची चांदणी म्हणजे कूल, थेंब म्हणजे ड्राय, पंख्याची पाती म्हणजे फॅन, सूर्य म्हणजे हीट, आणि गोल फिरणारे बाण म्हणजे ऑटो. क्रम कंपनीगणिक बदलतो, चिन्हं साधारण हीच.

फॅनमध्ये कॉम्प्रेसर लागतच नाही. आत पंखा फिरतो, हवा येते, माणसाला वाटतं एसी चालू आहे. 'हवा येते पण थंड नाही' अशी तक्रार असेल तर गॅसचा संशय घ्यायच्या आधी चिन्ह बघा.

सूर्याची भानगड वेगळी. आपल्याकडचे बहुतेक एसी फक्त थंड करणारे असतात, पण कंपनी गरम-थंड मॉडेलाचाच रिमोट सगळीकडे देते. फक्त थंड करणाऱ्या एसीला हीट पाठवलं की तो गप्प बसतो किंवा नुसती हवा फेकतो. थांबून बघितलं तरी काही होत नाही. मोड दाबत चांदणीवर आणा.

ऑटोमध्ये काय करायचं ते एसी खोलीचं तापमान बघून स्वतः ठरवतो: थंड, ड्राय की नुसता पंखा. पुष्कळ मॉडेलांत ऑटोवर तापमान बदलताच येत नाही, किंवा एकदोन अंशच वरखाली होतं. '२२ लावलं तरी लागत नाही, बटण खराब झालं' असं म्हणणाऱ्यांनी आधी ऑटोतून बाहेर यावं. पंख्याच्या वेगातलं 'ऑटो' ही निराळी चीज आहे. ते मात्र चांगलं आणि तसंच ठेवावं. खोली तापलेली असताना पंखा जोरात, थंड झाली की हळू.

कंदी_पेढा
रिमोटवर ७५ दिसतंय, असा कुणाला अनुभव? एका नातेवाइकांकडे त्यावरून 'एसी पेटेल' इथपर्यंत चर्चा गेली आहे.

थर्मिस्टर
@कंदी_पेढा ते फॅरनहाइट आहे. २४ सेल्सिअस म्हणजे साधारण ७५. बऱ्याच रिमोटांवर दोन बटणं एकदम दाबली गेली की एकक बदलतं. कुठली दोन, ते कंपनीवर. मोड आणि उणे ही जोडी बऱ्याच ठिकाणी चालते. अधिक आणि उणे एकदम तीनचार सेकंद दाबले तर अनेक रिमोटांवर कुलूप लागतं, पडद्यावर छोटं कुलपाचं चिन्ह येतं आणि एकही बटण चालत नाही. तीच जोडी पुन्हा दाबली की उघडतं. घरात लहान मूल असेल तर रिमोट मेला म्हणायच्या आधी कुलूप शोधा.

हळदखंड
२४ बद्दल कुणी बोललं नाही. स्टार लेबल असलेल्या रूम एसीला १ जानेवारी २०२० पासून सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं बंधनकारक आहे. ते फक्त 'पहिल्यांदा दिसणारं' तापमान, तुम्हाला १६ पर्यंत खाली जायला आडकाठी नाही. बीईईच्या (हे स्टार लेबल देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) म्हणण्यानुसार एक अंश वर गेलात की साधारण ६ टक्के वीज वाचते. १८ आणि २४ मध्ये किती फरक पडेल ते ज्याचं त्याने काढावं.

१६ वर लावल्याने खोली लवकर थंड होते हा गैरसमज मात्र जाता जात नाही. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच जोराने चालतो. २४ लावा की १६, सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं तो अगदी तेच काम करतो. फरक एवढाच की २४ ला तो थांबतो आणि १६ ला थांबतच नाही. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर जोर बदलतो खरा, पण तापलेल्या खोलीत २४ लावलं तरी तो सुरुवातीला पूर्ण जोरातच असतो. सांगलीच्या एप्रिलात बाहेर चाळीसच्या आसपास असताना दीड टनाला १६ गाठायला सांगणं म्हणजे बेडरूममध्ये बेदाणा ठेवायचा बेत असल्यासारखं आहे.

तासगावकर
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला ४ अंश लागतात, १६ वर आमचा माल काळा पडेल. बेडरूमला २६ आणि छताचा पंखा एक-दोन नंबरवर. वारा अंगाला लागला की २६ सुद्धा गार वाटतं.

चिमटा
छताचा पंखा लावला तर एसीची हवा वर जाऊन वाया जाते असं ऐकलंय?

हळदखंड
दारं-खिडक्या बंद असतील तर खोलीतली हवा खोलीतच फिरते, जाईल कुठे? पंखा हळू ठेवा एवढंच. वरच्या मजल्यावर उघडा स्लॅब असेल तर छताखालची गरम हवा तो खाली ढकलतो, तिथे आधी एसीने खोली निवू द्यावी, मग पंखा.

वायरमन_कुपवाड
टर्बो, जेट, पॉवरफुल, नावं काहीही असोत, काम तेच: पंखा सगळ्यात वर आणि कॉम्प्रेसर पूर्ण जोरात. ठरावीक वेळाने ते बहुतेक वेळा आपोआप सुटतं. ज्याला घाई आहे त्याने १६ लावण्यापेक्षा हे बटण दाबावं, म्हणजे नंतर तापमान वर करायचं विसरलं तरी चालतं. टर्बो चालू असताना पंख्याचं बटण ऐकत नाही, तो बिघाड नव्हे.

नव्या एसींवर 'कन्व्हर्टिबल' म्हणून ४०, ६०, ८०, १०० टक्के अशा पायऱ्या असतात. हे तापमान नव्हे, कॉम्प्रेसरच्या जोरावर लावलेली मर्यादा आहे. रात्री दोघंजण झोपलेत, खोली थंड झाली आहे, तेव्हा ६० ठीक. दुपारी दोन वाजता ४० वर ठेवून 'थंड होत नाही' म्हणू नये. ही पायरी रिमोटवर एका कोपऱ्यात बारीक दिसते आणि मुलांकडून हमखास दाबली जाते. मेकॅनिकला बोलवायच्या आधी तो कोपरा बघा.

मिरजेचा_तंबोरा
धाग्यात थोडं विषयांतर. वाद्यं असलेल्या खोलीत स्विंग चालू ठेवू नका, पाती वर छताकडे रोखा, म्हणजे गार झोत वाद्यावर पडत नाही. वाळवलेला भोपळा आणि तबलीचं (भोपळ्यावरच्या झाकणाचं) लाकूड ह्यांना थंडीपेक्षा अचानक बदल बाधतो. २६-२७ वर सलग चालू ठेवणं हे तासाला एकदा १८ वर लावून बंद करण्यापेक्षा बरं. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाद्य घरात आहे त्यांनी निदान झोताची दिशा तरी सांभाळावी.

भडंग_मसाला
पाती हाताने वळवली तर चालते का? रिमोटला किती विचारायचं.

वायरमन_कुपवाड
आडवी मोठी पाती, जी वर-खाली होते, तिला बारीक मोटर आणि प्लास्टिकचे दाते असतात. हाताने ढकललं की दाते झिजतात, मग पाती टकटक आवाज करते किंवा बंद केल्यावर अर्धवट उघडी राहते. ती रिमोटनेच. आतल्या उभ्या पट्ट्या, डाव्या-उजव्या, पुष्कळ मॉडेलांत हातानेच वळवायच्या असतात. त्याही एसी बंद करून, आतला पंखा थांबल्यावर.

सदरबझार_सातारा
टायमर कुणी समजावेल का? रात्री दोनला बंद व्हावा म्हणून लावला तर तेव्हा चालूच राहतो, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बंद होतो.

थर्मिस्टर
दोन जाती आहेत. एका रिमोटवर 'इतक्या तासांनी' असा टायमर असतो, अर्धा तास, एक तास, असं चढत जातं. तो एकदाच चालतो. दुसऱ्यावर घड्याळ असतं आणि टायमर घड्याळाच्या वेळेवर असतो. हा काही मॉडेलांत रोज चालतो, रद्द करेपर्यंत. तुमचं कदाचित हेच, आणि घड्याळ बारा तासांनी चुकलेलं. सेल बदलले की घड्याळ बारा किंवा शून्यावर जातं, कुणी लावत नाही. घड्याळ नीट केल्याशिवाय टायमर लावण्यात अर्थ नाही. क्लॉक बटण कधी कधी सुईच्या टोकाने दाबायच्या छिद्रात लपवलेलं असतं.

वीज गेली की बहुतेक एसींत टायमर पुसला जातो. वीज आल्यावर ऑटो रिस्टार्टमुळे एसी पूर्वीच्या मोडवर सुरू होतो, पण 'दोनला बंद' हे त्याला आठवत नाही. रिमोटच्या पडद्यावर मात्र टायमर तसाच दिसत राहतो. पुन्हा तेच, पडद्याला काय वाटतंय त्यावर विसंबू नका. टायमर नव्याने पाठवा.

आणि वीज येऊन एसी सुरू झाला तरी कॉम्प्रेसर लगेच लागणार नाही. साधारण तीन मिनिटं तो मुद्दाम थांबतो, आतला दाब समान व्हावा म्हणून. ह्या तीन मिनिटांत लोक बटणं दाबून मोडाचा पार विचका करतात.

अजिंक्यतारा_७
स्लीप मोड म्हणजे काय मग, एसी झोपतो?

थर्मिस्टर
साधारण पद्धत अशी: तासाभराने एक अंश वाढवतो, आणखी तासाभराने अजून एक, मग तिथेच थांबतो. २४ वर झोपलात तर रात्री २६ वर असता. पहाटे अंग गारठून पांघरूण ओढावं लागत नाही. काही मॉडेलांत सातआठ तासांनी एसी बंदही होतो. धागाकर्त्यांच्या 'शोभेच्या' यादीतून हे बटण काढावं ही विनंती.

कृष्णाकाठ
बटण आहे, मोड नाही. यादी मोडांची होती.

चिमटा
वकील आहात का?

पोवईनाका
रिमोटमध्येच तापमान मोजणारं काही असतं असं वाचलं. खरं?

वायरमन_कुपवाड
काही मॉडेलांत असतं. बटणावर 'आय फील' किंवा 'फॉलो मी' लिहिलेलं, किंवा माणसाचं छोटं चित्र. एरवी एसी स्वतःच्या तोंडाजवळचं, म्हणजे सात-आठ फुटांवरचं तापमान मोजतो. हे बटण दाबलं की रिमोट स्वतःजवळचं तापमान मोजून ठरावीक मिनिटांनी एसीला कळवत राहतो. चांगली सोय, पण अट अशी की रिमोट एसीच्या नजरेसमोर हवा. अंगाला खेटून ठेवला तर अंगाची ऊब मोजतो आणि एसी उगाच राबतो. फ्रिजवर किंवा टीव्हीशेजारी ठेवला तरी तेच. ड्रॉवरमध्ये टाकला तर निरोप पोचत नाही, काही वेळाने एसी पुन्हा आपल्या मोजमापावर येतो. भिंतीवरच्या स्टँडमध्ये ठेवणार असाल तर त्या भिंतीवर ऊन येत नाही ना बघा.

हळदखंड
आता मुख्य दुखणं. रिमोट चालतच नसेल तर काय? @वायरमन_कुपवाड तुम्हीच लिहा, क्रमाने.

वायरमन_कुपवाड
लिहितो, जरा लांबेल.

पडदा कोरा किंवा अंधुक असेल तर सेल. छोटे पेन्सिल सेल, दोन, दोन्ही नवे. एक नवा एक जुना चालत नाही, जुना नव्याला ओढतो. पडदा दिसतो म्हणून सेल चांगले असं नाही. पडद्याला वीज नगण्य लागते, पुढच्या दिव्याला जास्त. बटण दाबल्याबरोबर पडदा क्षणभर फिका पडत असेल तर सेल संपले.

पडदा ठीक, पण बीप नाही. मोबाईलचा कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा, बटण दाबा. टोकाचा दिवा फोनच्या पडद्यावर जांभळट-पांढरा लुकलुकला पाहिजे. डोळ्यांना तो दिसत नाही, इन्फ्रारेड आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला गाळणी असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरा. आधी टीव्हीच्या चालू रिमोटवर करून बघा, म्हणजे कॅमेऱ्यावर शंका नको.

लुकलुकतोय, तरी बीप नाही. म्हणजे दुखणं एसीकडे. पुढचं झाकण वर करा, बहुतेक उजव्या बाजूला एक बारीक बटण किंवा छिद्र असतं. हात आणि आतली पाती सांभाळून पेनाच्या टोकाने एकदा दाबा. हे रिमोटविना चालवायचं बटण. एसी सुरू झाला, तर बिचारा ठणठणीत आहे, फक्त रिमोटचा निरोप घेणारा डोळा म्हणजे रिसीव्हर गेलाय किंवा त्याची वायर निसटली आहे. दुरुस्ती होईपर्यंत रात्र ह्या बटणावर निघते, बहुतेक ठिकाणी तो ऑटो मोडवर चालतो. काही मॉडेलांत दोनदा दाबलं की सक्तीचं कूलिंग सुरू होतं, ते मेकॅनिकच्या तपासणीसाठी असतं, रात्रभर ठेवू नये.

ताज्या सर्व्हिसिंगनंतर, प्रेशरच्या पाण्याने धुतल्यावर लगेच रिमोट चालेनासा झाला तर रिमोट विकत घेऊ नका. डिस्प्लेच्या पट्टीवर ओल गेलेली असते. एसीचा एमसीबी (बोर्डावरचा मुख्य खटका) बंद करून सुकू द्या, मग बघा.

आणि हेही: रिमोट जवळून चालतो, लांबून नाही, आणि ट्यूब लावली की मुळीच नाही, असं असेल तर ट्यूबचा इलेक्ट्रॉनिक चोक किंवा जुना सीएफएल बघा. त्यांची लुकलुक रिसीव्हरला गोंधळात टाकते. रिसीव्हरवर थेट ऊन पडत असलं तरी तेच. दिवा बंद करून एकदा दाबून बघायला पैसे पडत नाहीत.

सदरबझार_सातारा
+१. हे पहिल्या पानावर टाका.

कंदी_पेढा
एकच बटण चालत नसेल तर? चालू-बंद आणि अधिक-उणे हीच जातात, बाकी नवी कोरी.

थर्मिस्टर
उघडून साफ होतं. सेल काढा. सेलच्या कप्प्यात एखादा स्क्रू असतो, कधी स्टिकरखाली. तो काढून कडेच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत न्या, खटके एकेक करून सुटतात. पेचकस घालू नका, कडेला खड्डे पडतात. आत हिरवी किंवा तपकिरी सर्किटची पट्टी, तिच्यावर काळे, एकमेकांत गुंतलेल्या बोटांसारखे ठिपके, आणि वर रबराची चादर. रबराच्या प्रत्येक बटणाखाली काळी कार्बनची टिकली असते. तीच पट्टीवर टेकली की बटण लागतं. चिकट तेलकट थर दिसेल, रबरातून झिरपतो आणि हाताचाही असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पट्टी पुसा, टिकल्या हलक्या हाताने. घासू नका, कार्बन निघून गेला तर संपलं. पूर्ण सुकल्यावर बंद करा.

पडद्यावर आकड्याची एखादी रेघ गायब असेल, ८ चा ६ दिसत असेल, तर काच आणि पट्टीच्या मध्ये एक गुलाबी-राखाडी रबरी पट्टी असते तिची दोन्ही टोकं पुसून परत नीट बसवा. २८ लावलेलं असूनही २६ वाचलं जाणं ही तक्रार इथूनच येते.

सेल गळले असतील तर आधी स्प्रिंगवरचा पांढरा-हिरवा चुरा कोरड्या ब्रशने काढा, मग अल्कोहोल. पावसाळ्यात-हिवाळ्यात एसी बंद असतो तेव्हा सेल काढून ठेवले की हा उद्योगच करावा लागत नाही.

फलटणचा_उन्हाळा
चार्ज होणारे सेल टाकले तर?

थर्मिस्टर
ते १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे. दोघांचे मिळून २.४ विरुद्ध ३. बरेच रिमोट चालतात, पण पडदा फिका आणि टप्पा कमी. रिमोटला मुळात वर्षाला दोन सेलही लागत नाहीत, चार्जर कुठे लावत बसता.

चिमटा
बाजारात मिळणारा हजार कोडवाला युनिव्हर्सल रिमोट घ्यावा का?

वायरमन_कुपवाड
गरजेला घ्या. सेट बटण दाबून धरलं की कोड लुकलुकतो. एसीकडे रोखून अधिक दाबत एकेक कोड पुढे न्या, बीप आली की थांबा आणि ओके करा. सेट जास्त वेळ धरला की काही रिमोट स्वतःच कोड फिरवत जातात, बीप येताच कुठलंही बटण दाबून पकडायचं. लोक इथेच फसतात: पहिल्या बीपला खूश होतात. एकाच कंपनीचे पाच-सहा कोड एसी चालू करतात, पण त्यातला एखादाच सगळं बरोबर करतो. म्हणून मोड बदलून बघा, तापमान २४ केल्यावर युनिटवर २४ च दिसतं का बघा, पंखा, स्विंग, बंद, सगळं तपासा. जमलं की तो कोड सेलच्या कप्प्यात पेनाने लिहा, स्वस्तातले काही रिमोट सेल बदलताना तो विसरतात.

कन्व्हर्टिबल, आय फील, सेल्फ क्लीन ही बटणं युनिव्हर्सलवर बहुधा नसतात. ती हवी असतील तर मूळ रिमोटच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन त्याचाच जोड शोधा. बटणं सारखी दिसतात म्हणून घेऊ नका, आतली भाषा वेगळी असते.

पोवईनाका
म्हाताऱ्या माणसांसाठी काही युक्ती?

मिरजेचा_तंबोरा
चालू-बंदवर टिकली चिकटवा. मखमली, बोटाला कळते. बाकी बटणांवर झाकण असेल तर ते सेलोटेपने बंद.

भडंग_मसाला
टिकली पडली तर?

मिरजेचा_तंबोरा
पाकिटात वीस येतात.

अजिंक्यतारा_७
वायफायवाला एसी असेल तर हा सगळा धागा रद्द ना?

थर्मिस्टर
थोडा. अ‍ॅप दोन्ही बाजूंनी बोलतं, म्हणून अ‍ॅपवर दिसतं ते एसीचं खरं असतं. पण अ‍ॅपवरून बदललेलं हातातल्या रिमोटला कळत नाही. अ‍ॅपवर २६ केलं, रिमोटवर जुने २२ आहेत, आणि कुणी रिमोटने नुसता स्विंग दाबला की एसी २२ वर. बहुतेक एसी २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाच जोडले जातात. जोडणी होत नसेल तर राउटरचं ५ वालं नाव निवडलंय का बघा.

कृष्णाकाठ
एक प्रश्न तसाच राहिला. ड्रायवर बिल कमी येतं की नाही?

हळदखंड
कमी येतं, कारण काम कमी होतं. ड्रायमध्ये पंखा हळू ठेवलेला असतो आणि कॉम्प्रेसर थांबून थांबून, किंवा इन्व्हर्टर असेल तर मंद चालतो. हवा गार कॉइलवरून सावकाश जाते, पाणी जास्त सुटतं, खोली मात्र फार थंड होत नाही. सांगलीच्या एप्रिलातल्या दुपारी हवा आधीच कोरडी, तिथे ड्राय लावून काय काढणार? बिल कमी आणि घाम तेवढाच. वळवानंतर आणि जुलैत, कृष्णेच्या काठची चिकचिक असते, तापमान २७-२८ च, तेव्हा ड्राय कूलपेक्षा सुखाचा आणि स्वस्तही.

महाबळेश्वरी
आमच्याकडे जुलैत खोली मुळातच १९-२० वर असते. तिथे ड्राय लावला की कॉइलवर बर्फ धरू लागतं, एसी स्वतःला वाचवायला कॉम्प्रेसर थांबवतो आणि भिंतीची बुरशी आहे तिथेच. एवढ्या थंडीत वेगळं डीह्युमिडिफायर यंत्रच लागतं, एसीचा थेंब नाही.

वायरमन_कुपवाड
ज्याला आकडाच हवा त्याने मोजावा. महावितरणच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला किती लुकलुकी, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा. साधा दीड टनी कॉम्प्रेसर १६०० वॅट घेत असेल तर मिनिटाला ८५ च्या आसपास दिसतील, ८०० वॅट असेल तर ४३. कॉम्प्रेसर मध्येच थांबतो, म्हणून मिनिटावर जाऊ नका. एक तास कूल २६ वर, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एक तास ड्रायवर, आणि दोन्ही वेळा मीटरचा आकडा लिहून घ्या. दोन्ही दिवस दार सारखंच बंद ठेवा, नाहीतर मोजमाप फुकट.

तासगावकर
फ्रिजही बंद करायचा का मोजताना?

वायरमन_कुपवाड
हो, नाहीतर त्याचा कॉम्प्रेसर मध्येच लागतो आणि आकडा बिघडतो. तासाभराने काही होत नाही, दार उघडू नका.

भडंग_मसाला
आणि मोजून झाल्यावर परत चालू करा. आइस्क्रीमचं बिल मीटरमध्ये धरलेलं नाही.